चिमूटभर ऊद

लग्न होऊन मी त्या गावात आले, आणि मला सगळ्यात आधी आवडली ती तिथली दुपार. गाव रहिमतपूरच्या अलीकडे, सडक सोडून आत. घराच्या एका अंगाला आमचं देऊळ, म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेलं साधं चर्च, आणि दुसऱ्या अंगाला ऊस. गुऱ्हाळं सुरू झाली की उकळत्या रसाचा वास दारातून आत यायचा, आणि मी सुपातली ज्वारी तशीच ठेवून भिंतीला पाठ टेकायची. ती झोप नसायची. उघड्या डोळ्यांनीच कुठंतरी बुडून जायला व्हायचं. दारातलं ऊन, उसाची सळसळ, लांब कुणीतरी बैलांवर ओरडतंय, हे सगळं ऐकू यायचं आणि तरी मी तिथं नसायची. सासूबाई असत्या तर दोन शब्द ऐकवले असते. पण ह्यांना आई नव्हती, आणि हे स्वतः दुपारभर पुस्तकात. एका घरात दोन माणसं, दोन्ही हरवलेली. चूल पेटवायची वेळ झाली की मग आम्हाला एकमेकांची आठवण व्हायची.

हे म्हणजे माझे यजमान. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नव्हते. आता ते नाहीत, आता घेऊन काय करू? गावात त्यांना पाळकबाबा म्हणत. ख्रिस्ती मंडळीची उपासना चालवणारा, लग्न-मयत बघणारा, कुणाच्या पोटात दुखलं तर बैलगाडीत घालून दवाखान्यात नेणारा, तो पाळक. मिशीसुद्धा नीट भरली नव्हती आणि म्हणे बाबा. मंडळी थोडकी, बहुतेक महारवाड्यातली, आमच्यासारखीच. माझे वडील सांगलीकडच्या एका मिशन दवाखान्यात जखमा बांधायचं काम करायचे. शिकलेला जावई मिळाला म्हणून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. शिकलेला होता, त्यात वाद नाही. लग्नानंतर मी ह्यांची ट्रंक उघडली तर वर दोन धोतरं, एक कोट, आणि खाली बुडापर्यंत पुस्तकं.

त्या पुस्तकांत काय आहे, असं मी एकदा सहज विचारलं. पुढची कितीतरी वर्षं त्याचं उत्तर चालू होतं.

ह्यांना वेड होतं ते ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार-पाचशे वर्षांचं. तेव्हाचे पंडित, बिशप, त्यांचे वाद. मी भाकरी थापायची आणि हे चुलीपाशी बसून सांगायचे. आफ्रिकेतल्या एका म्हाताऱ्या बिशपाचा विचार त्यांना फार प्रिय होता. रोम शहर लुटलं गेलं, लोक म्हणाले आता जग बुडालं, तेव्हा त्या बिशपाला सुचलं की जगात दोन गावं आहेत. एका गावातल्या माणसांचं प्रेम स्वतःवर, दुसऱ्या गावातल्या माणसांचं देवावर. पण ही गावं वेगवेगळी वसलेली नाहीत. एकाच गल्लीत, एकाच घरात, कधी एकाच माणसात दोन्ही मिसळलेली, आणि शेवटच्या दिवसापर्यंत कुणालाही त्यांची शीव दाखवता यायची नाही. म्हणून कुठल्याही राजानं, माझं राज्य म्हणजेच देवाचं राज्य, असं म्हणू नये. एवढं सांगून हे माझ्याकडे बघायचे आणि माझी तव्यावरची भाकरी करपायची.

मला त्यातलं राजाचं नीटसं कळलं नाही, पण ती दोन गावं मनात राहिली. नदीवर धुणं घेऊन गेले की पाण्यात आमचं गाव उलटं दिसायचं. चिंचा, चावडी, देवळाच्या पत्र्यावरची चकाकी. मला वाटायचं, हेच ते दुसरं. कपडा आपटला की ते फुटायचं, आणि मी हात थांबवून ते परत जुळायची वाट बघत बसायची. त्या गावात कोण राहत असेल, तिथंही कुणी भाकरी करपवत असेल का, असले विचार. बाकीच्या बायका पिळे खांद्यावर टाकून निघताना म्हणायच्या, "पाळकीणबाई, आज घरला जायाचं हाय का न्हाई?"

आणि त्या दिवसांत आमच्या भागात सरकारंही दोन होतीच. बेचाळीस साल होऊन गेलेलं. एक सरकार साताऱ्याच्या कचेरीत बसायचं, दुसरं उसात. उसातलं सरकार म्हणजे घरदार सोडून आलेली पोरं. ती गावोगाव फिरून तंटे मिटवायची, दारूचे गुत्ते बंद करायची, साधेपणानं लग्नं लावून द्यायची, आणि ज्याचा गुन्हा मोठा त्याच्या तळपायांची काय गत व्हायची ते विचारू नका. पोलीस आले की गावात कुणाला काही माहीत नसायचं. मलाही नसायचं.

त्यातलाच एक आमच्याकडे यायचा. मोठ्या बागाईतदाराच्या घरचा, सांगलीचं कॉलेज अर्ध्यावर सोडलेला. गाव त्याला कॉलेजवाले म्हणायचं, मी भाऊजी म्हणायची. ह्यांच्याकडे तो पुस्तकं न्यायला येई. पहिल्यांदा आला तेव्हा मी मुद्दाम चहा ठेवला. मराठ्याच्या घरचा माणूस आमच्या हातचं पितो का, मला बघायचंच होतं. त्यानं डोळे मिटले आणि एका दमात कप रिकामा केला. मी म्हटलं, "भाऊजी, औषध नव्हतं ते." तो कानापर्यंत लाल झाला, आणि दुसरा कप मागून घेऊन डोळे उघडे ठेवून प्याला. तेव्हापासून तो मला आवडायला लागला.

दोघांचे वाद मी आतून ऐकायची. तो म्हणायचा, "राज्य लोकांचं, सगळी मानसं सारखी, ही फ्रेंचांनी जगाला दिलेली गोष्ट हाय." हे म्हणायचे, "आणि फ्रेंचांना कुणी दिली?" की झालं सुरू. त्या पहिल्या शतकांत प्रभूच्या मेजावर, म्हणजे उपासनेतल्या पवित्र भोजनाला, मालकीण आणि तिची गुलाम बाई एकाच भाकरीतला तुकडा घेत. नाण्यावर राजाचा चेहरा असतो म्हणून नाणं राजाला द्यावं, पण माणसावर चेहरा देवाचा आहे, म्हणून आख्खा माणूस कुठल्याही राजाचा होत नाही, असं तेव्हाचे पंडित मांडत. एका बिशपानं तर निरपराधांची कत्तल करवणाऱ्या बादशहाला, आधी पश्चात्ताप कर आणि मग देवळात ये, असं सांगितलं होतं. राजाच्या वर कुणीतरी आहे, आणि साध्या माणसाच्या आत असं काहीतरी आहे जे राजाला मागता येत नाही, हे कुणीतरी एकदा बोलून ठेवलं. बाकीचं पुढच्यांना त्यावरूनही सुचलं असेल, असं ह्यांचं म्हणणं.

भाऊजी मान डोलवायचा. मला मात्र राहवायचं नाही. मी आतूनच म्हणायची, "मग महाबळेश्वरला साहेबांच्या चर्चमध्ये आम्हाला शेवटच्या बाकावर का बसवायचे? त्यांनी ही पुस्तकं वाचली नव्हती का?" दवाखान्यातले साहेब उन्हाळ्यात तिकडं थंड हवेला जायचे, तेव्हा माझ्या लहानपणी आम्हीही त्यांच्या बरोबर गेलो होतो. तो बाक अजून डोळ्यांसमोर आहे, खांबाच्या मागचा.  हे हळूच म्हणायचे, "वाचली होती. म्हणून तर म्हणतो, दोन्ही गावं मिसळलेली आहेत." त्यानं माझा राग काही जायचा नाही. अजून गेलेला नाही.

भाऊजीचं आणि ह्यांचं बिनसायचं ते एकाच गोष्टीवरून. रविवारच्या उपासनेत राजासाठी प्रार्थना व्हायची. विलायतेतल्या राजासाठी, त्याच्या अधिकाऱ्यांसाठी, त्याच्या फौजेसाठी. साहेबलोकांनी घालून दिलेला रिवाज. भाऊजी म्हणायचा, "तेवडी बंद करा. आमच्या पोरांस्नी तुरुंगात घालनाऱ्याचं नाव देवळात कशाला?"

हे म्हणाले, "ज्याला देव मानायचं नाही त्याच्यासाठीच प्रार्थना करतात. देवासाठी कुणी देवाकडे मागतं का? राजासाठी मागितलं की राजाही आपल्याच रांगेत येऊन उभा राहतो."

"आन आमच्यासाटी न्हाई करत कवा?"

"करतो की. तुमच्या हातून कुणाचे पाय मोडू नयेत म्हणून करतो."

भाऊजीला ते झोंबलं. त्या दिवशी चहा न घेताच गेला.

पण त्या प्रार्थनेत खरा जीव अडकला होता तो एका बाईचा. तिला सगळी मंडळी मावशी म्हणायची. विधवा, हाडानं काटक, बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालणारी. एकुलता एक मुलगा पलटणीत. त्याची पलटण ब्रह्मदेशाकडे गेली एवढंच तिला ठाऊक; ब्रह्मदेश कुठं हे तिला ठाऊक नव्हतं, तसं मलाही नव्हतं. रविवारी ती सगळ्यांच्या पुढं, बरोबर ह्यांच्या समोर चटईवर बसायची, आणि राजाच्या फौजेचा उल्लेख आला की पदर तोंडाशी धरायची.

तिच्या घरी कोनाड्यात बिस्किटाच्या डब्याचं एक झाकण होतं. त्यावर राजाचं रंगीत चित्र, छातीवर बिल्ले, कडेनं सोनेरी वेलबुट्टी. मुलानं पहिल्या रजेवर येताना छावणीतून तो डबा आणला होता. बिस्किटं संपली, डबा गंजला, झाकण राहिलं. मावशीनं ते उभं करून ठेवलं होतं, आणि रोज तिन्हीसांजेला खापरात निखारा घेऊन ती त्यापुढं चिमूटभर ऊद टाकायची. मी ते कितीदा पाहिलं होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तिचा विचार सरळ होता. पोरगं राजाचं मीठ खातं, पोरगं राजाच्या हातात, तर राजाला राजी ठेवावं. देव आपला रविवारी आहेच.

"त्यो लय लांब हाय माजा," ती म्हणायची. "हितनं हात पोचत न्हाई. धूर तरी पोचंल."

धूर वर चढताना ती अशी बघत राहायची की मीही तिच्या शेजारी बसून राहायची. खोलीत खिडकी नव्हती. उदाच्या धुरात झाकणावरचा राजा हलल्यासारखा दिसायचा, बाहेरची गुरं-ढोरं, पोरांचा गलका सगळं मागं राहायचं, आणि तेवढ्या वेळात ब्रह्मदेश काही फार लांब नसायचा. खोलीच्या पलीकडच्या भिंतीमागं कुठंतरी असावा तसा वाटायचा. मग निखारा राखेला यायचा आणि मावशी गुडघ्यावर हात देऊन उठायची.

आणि मग ह्यांनी तो उपदेश केला.

त्या रविवारी भाऊजी खिडकीबाहेर लिंबाखाली उभा होता. आत यायचा नाही, पण ऐकायचा. त्याला ऐकवायचं म्हणूनच असेल, ह्यांचा आवाज चढला होता. जुन्या काळी रोमच्या बादशहाची मूर्ती मांडायचे, पुढं निखाऱ्यांचं भांडं, शेजारी वाटीत ऊद. ख्रिस्ती माणसांना एकेक करून त्यापुढं उभं करायचे. चिमूटभर ऊद टाका आणि घरी जा. मनात काय आहे ते कुणी विचारणार नाही, नुसता ऊद टाका.

"ह्याच माणसांनी त्याच बादशहासाठी रोज प्रार्थना केली होती," हे म्हणाले. "पण ऊद टाकणार नाही म्हणाली. माणसासाठी मागता येतं, माणसाला ऊद जाळता येत नाही. एवढ्यासाठी त्यांनी जीव दिले. आज कुणी म्हणत असेल की सरकारला माझ्या मनावर हात टाकता येत नाही, तर त्या बोलण्याची सुरुवात त्या चिमटीत आहे."

असं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला अभिमान वाटला, खोटं का सांगू. उपासना सुटल्यावर भाऊजीनं ह्यांचा हात धरला आणि म्हणाला, "ह्यो तर सत्याग्रह झाला की." दोघं बोलत बोलत उसाच्या कडेनं लांबवर गेले. जेवायची वेळ टळून गेली तरी परतले नाहीत. मावशी कधी उठून गेली, कुणी बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात आली. पदराखाली काहीतरी धरलेलं. बसा म्हटलं तर बसली नाही. ह्यांना म्हणाली, "पाळकबाबा, काल तुमी सांगितलंसा ते खरं हाय न्हवं?"

"खरं आहे, मावशी."

तिनं पदराखालून झाकण काढलं. "म्या ह्येच्याफुडं रोज ऊद टाकते. पोरासाटी. ह्ये बी त्यातलंच झालं का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणा अशी. बिस्किटाच्या डब्याचं झाकण ते, त्यात कसला आलाय बादशहा. पण हे खोटं बोलायला शिकलेच नव्हते. बराच वेळ त्यांनी त्या झाकणाकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं, मावशी."

"मंग म्या काय करू?"

"ऊद नका टाकू. मागत राहा. आपण सगळेच मागू त्याच्यासाठी."

"बरं," ती म्हणाली. झाकण तिनं उंबऱ्याच्या आत ठेवलं. "मंग ह्ये तुमच्यातच ऱ्हाऊ द्या. घरात असलं की हात जातोय." आणि आली तशी गेली.

त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलले नाही. भाकरी वाढली ती ताटात आपटून. एका बाईचं कुणाचं काही न बिघडवता चाललं होतं, त्यात ह्यांच्या रोमच्या माणसांना आणायची काय गरज होती? झाकण काही दिवस फडताळात पडून होतं. मग एकदा मांजरानं दूध सांडलं तेव्हा मी ते पातेल्यावर ठेवून बघितलं, तर नेमकं बसलं. तेव्हापासून विलायतेचा राजा आमच्या दुधाची राखण करायला लागला. भाऊजीनं ते पाहिलं आणि पोट धरधरून हसला. मावशी येताना दिसली की मात्र मी ते घाईघाईनं लपवायची.

पुढच्या उन्हाळ्यात तार आली. पोस्टमन ती थेट ह्यांच्याकडे घेऊन आला, वाचून दाखवायला. मुलगा बेपत्ता. मेला असं नाही, आहे असंही नाही. हे तार घेऊन महारवाड्यात गेले आणि परत आले ते तोंड पांढरं पडलेलं. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही. कवापास्नं, एवढंच विचारलं. मी सांगितलं. मग बोटांवर काहीतरी मोजत बसली."

ती काय मोजत होती ते आम्हा दोघांनाही कळलं. ऊद बंद केला ते आधी, की पोरगं हरवलं ते आधी.

मावशी देवळात यायची थांबली. रविवारी हे उभे राहिले की समोरच्या चटईवर तिची जागा रिकामी असायची, तिथं दुसरं कुणी बसत नसे. ह्यांचा आवाज उतरला. ट्रंक उघडेनाशी झाली. दुपारी हे ओट्यावर बसून उसाकडे बघत राहायचे. आता त्यांचं ते हरवणं माझ्यासारखं नव्हतं. माझी दुपार मला सुख द्यायची, त्यांना त्यांची दुपार खायला उठायची. मी रागावले होते खरी, पण माझा तो बडबड्या नवरा मला परत हवा होता.

एकदा म्हणाले, "म्हातारीच्या हातातली काठी काढून घेतली मी."

मी म्हटलं, "मग जा, आणि सांगा तिला, टाक ऊद म्हणून."

"तेही जमत नाही," हे म्हणाले. आणि खरंच नव्हतं जमत. मला त्यांची कीव आली.

त्या थंडीत माझी मुलगी झाली. वडिलांनी सांगलीला बोलावलं होतं, पण कळा आधीच सुरू झाल्या. मावशीला बोलवायचं मला धाडस होत नव्हतं. तीच आली. कुणी निरोप दिला ते आजपर्यंत कळलं नाही. कासोटा घट्ट करून तिनं मला असं दरडावलं की मी ओरडायचंही विसरले. पुढं रोज सकाळी यायची, दोघींना तेल लावायची, पाणी घालायची, आणि मग शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि चिमूटभर ऊद टाकून धुरी द्यायची. घर धुरानं भरून जायचं. त्या धुरात लेकीचं रडणं थांबायचं, माझे डोळे जड व्हायचे, आणि बाजेवर पडल्या पडल्या मला फक्त मावशीचा हात दिसायचा. चिमूट सोडायच्या आधी तो थोडा थांबायचा.

एका सकाळी हे चौकटीत येऊन उभे राहिले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी यायचं नसतं, पण आले. म्हणाले, "मावशी, मला माफ करा."

ती शेगडी फुंकत होती. वर न बघता म्हणाली, "तुमी खोटं सांगितलंसा का?"

"नाही."

"मंग माफी कशाची?" तिनं निखाऱ्यांवर ओवा टाकला. "खोटं असतं तर लय बरं झालं असतं, बाबा." आणि तिनं लेकीला धुरीवर धरलं.

हे मागं सरले. बाहेर ओट्यावर बसून रडले. मी ऐकलं, मावशीनंही ऐकलं. ती पुढच्याच एका रविवारी देवळात आली आणि आपल्या जागेवर बसली. फौजेचा उल्लेख आला तेव्हा तिनं पदर तोंडाशी धरला. ह्यांना पुढचं वाक्य बोलायला जरा वेळ लागला.

लढाई संपली. गावातली पलटणीतली माणसं एकेक करून घरी आली, कुणी भरघोस मिशा घेऊन, कुणी कुबडी घेऊन. मावशी रोज सडकेपर्यंत जायची आणि मोटार निघून गेली की परत यायची. तिचा मुलगा आला नाही.

मग स्वातंत्र्य आलं. भाऊजी आता उघड फिरायला लागला होता, पांढरी टोपी घालून. शाळेच्या पटांगणात मांडव घातला, झेंड्याची काठी रोवली, आणि एका खुर्चीवर एका मोठ्या पुढाऱ्याची तसबीर हार घालून ठेवली. तसबिरीची पूजा करून मग झेंडा चढवायचा असं ठरलं होतं. पहिला मान मावशीला द्यायचा, हा भाऊजीचा हट्ट. महारवाड्यातल्या बाईनं सगळ्या गावासमोर पहिली पूजा करायची म्हटल्यावर त्याच्या घरच्यांनीच आकांडतांडव केलं होतं, पण तो हटला नाही. एवढं त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

सगळा गाव जमला होता. आभाळ भरलेलं, पाऊस नुकता थांबलेला, पोरांच्या पायाला चिखल. मी लेकीला कडेवर घेऊन कुठंतरी वरच्या ढगांत होते, नेहमीसारखी. ह्यांनी अचानक माझं मनगट धरलं. चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मी समोर बघितलं. तसबिरीपुढं निखारे घातलेलं धुपाटणं होतं, आणि शेजारी पितळी वाटीत ऊद.

मावशी पुढं गेली. तिनं वाटीतून चिमूट उचलली. हात धुपाटण्यावर नेला आणि तिथंच धरला.

मला वाटलं, टाकेल. टाकावं असंही वाटलं. काय बिघडणार होतं? आपलं सरकार, आपला दिवस, आणि त्या तसबिरीतला माणूस तर भलाच होता.  मग मावशीनं हात मागं घेतला, ऊद परत वाटीत सोडला, बोटं लुगड्याला पुसली आणि हात जोडून डोळे मिटले.

"देवा," ती मोठ्यानं म्हणाली, "ह्या मानसाला आन ह्या पोरांस्नी चांगली बुद्दी दे. ह्यांच्या पायी कुनाचं लेकरू हरवू दिऊ नगं."

आणि ती मागं फिरली.

कुजबुज सुरू झाली. कुणीतरी बोललंच, की ह्या लोकांना गोऱ्यांचं राज्य गेल्याचं दुःख झालंय. भाऊजी पुढं आला. त्याचा चेहरा पडला होता. हळू आवाजात म्हणाला, "आवं मावशी, ह्यो इंग्रजांचा राजा न्हवं. ह्ये आपलं सरकार हाय."

"आपलं हाय म्हून तर मागितलं, लेकरा."

"मंग चिमूटभर ऊद टाकला असता तर काय झालं असतं?"

 तिच्या आवाजात राग नव्हता. "माज्या पोराच्या जिवासाटी टाकत हुते, त्यो बी सोडला म्या. आता तुमच्यासाटी कसा टाकू?"

भाऊजीला तो रविवार आठवला असावा, लिंबाखालचा. त्यानं एकदा ह्यांच्याकडे बघितलं. मग वाकून धुपाटणं उचललं, मांडवाच्या कडेला नेऊन ठेवलं आणि झेंड्याची दोरी सोडायला गेला. पोरांना गूळ-खोबरं वाटलं, गाणी झाली, पुन्हा पावसाचे थेंब आले आणि लोक पांगले.

घरी येताना मावशी आमच्या बरोबर होती.  घरी आल्यावर मी लेकीसाठी दूध घ्यायला चुलीपाशी गेले, तर मावशी माझ्या मागोमाग आत. आणि पातेल्यावर ते झाकण. नेमकी त्या दिवशी मी ते लपवायला विसरले होते. राजाचा रंग उडाला होता, घासून घासून एक डोळा गेलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशीनं ते उचललं. आतल्या बाजूची साय बोटानं निपटली, मग पदरानं पुसलं, दोन्ही बाजूंनी.

"ह्ये न्हेऊ का?"

 हे दारात उभे होते. त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, "ऊद न्हाई टाकायची, बाबा. राजा गेला आता. ह्ये नुसतं माज्या पोरानं आनलेलं झाकान हाय."

ह्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. ते पदराखाली धरून ती उसाच्या कडेनं घरी गेली, आणि त्या दिवशी दुधावर मी ताटली झाकली.